चाळीस घोड्यांची लाल गाडी

१६ जून २००२, अंकुशनगर
गाडी आज पूर्ण झाली. तीन वर्षं लागली. मुंबईची भंगारातली काळी-पिवळी टॅक्सी. टप कापलं, मागचं सीट काढलं, दोनच माणसं बसतील अशी बसकी केली. रंग ट्रॅक्टरचा उरलेला लाल. इंजिन तेच जुनं, चाळीस घोड्यांचं, पण मपल्या हातानं परत बांधलेलं. फाट्यावरच्या लोकांनी तिचं नाव 'स्पोर्ट' पाडलं. छाती फुगली, खोटं कशाला लिहू.
मंदा चारी बाजूंनी फिरून म्हणाली, "पावसात काय कराल? टप तर कापून टाकलं." तीन वर्षांच्या कामावर बायकोचं एवढंच बोलणं.

२३ जून
जालन्याहून उस्ताद आल्ते. त्यांच्या गॅरेजात मी नऊ वर्षं काढली, पाना धरायला त्यांनीच शिकवलं. आता दोन्ही डोळे गेल्यासारखेच, उजेड-अंधार तेवढा कळतो. बॉनेटवर हात ठेवून, कान लावून इंजिन ऐकलं. "बराबर," म्हणाले. उस्तादांचं 'बराबर' नऊ वर्षांत मला चार-पाच वेळाच मिळालं असंल.
तिथं गप बसायचं, तर मीच तोंड उघडलं. भाच्यानं औरंगाबादहून सीडी आणल्ती. जपानातले लोक वळणावर गाडी आडवी करतात आन मागची चाकं घसरवत घसरवत पूर्ण वळण काढतात. ड्रिफ्ट म्हणतात त्याला. म्हणलो, आपलीबी करंल.
उस्ताद हसले. "घसरेगी, वसंता. पण घसरणं अलग, घसरत चालणं अलग. चाळीस घोड्यांत उतना दम नहीं. अर्ध्या वळणात मरून जाईल."
दसऱ्यानंतर ते हैदराबादला पोराकडं चालले, कायमचे. म्हणलो, त्याच्या आधी दाखवतो. शब्द देऊन बसलो.

३० जून
उसाचं गळीत बंद, म्हणून साखर कारखान्याचं आवार मोकळं. वॉचमन ओळखीचा. मधोमध रिकामं ड्रम ठेवलं. गाडी आडवी ठेवून ड्रमला एक अख्खा फेरा मारायचा. तेवढा झाला की जमलं.
सहादा केलं. हँडब्रेक ओढला की हातभर घसरते आन बंद पडते. उस्ताद म्हणले तसंच.

७ जुलै
लई डोकं लावलं. नांगरटीच्या आधी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतो, तसं गाडीच्या मागच्या दोन्ही टायरांत भरलं. मागं वजन झालं की मागचं अंग जोरात फेकलं जाईल, असा विचार. दुपार गेली त्यात. गाडी अशी जमीन धरून चालली की हँडब्रेकलाबी दाद देईना. सरळ जाऊन ड्रमच उडवलं.
मंदा डबा घेऊन आल्ती. तिनं विचारलं, "ट्रॅक्टरला पाणी कशापायी भरता?"
"चाक घसरू नये म्हणून."
"आन हिला काय करायचंय?"
वीस वर्षं हेच काम करून राह्यलो. पुढं काही लिहीत न्हाई.

८ जुलै
पाणी काढलं. मागं घासून गुळगुळीत झालेले टायर, हवा टाइट. सकाळी पाऊस पडून गेल्ता. आज घसरली, बिलकुल घसरली, पण गर्रकन फिरून आल्या वाटेकडं तोंड. आठदा तेच. मला माहीत आहे काय होतं ते. मागचं अंग सुटलं की मी घाबरून पाय उचलतो.

२१ जुलै
आज मंदा बसली स्टेअरिंगला. मी म्हणलो न्हाई, तीच म्हणाली, "सरका."
चार हंगाम झाले, आमचा ऊस तीच ट्रॅक्टरवर आणते. मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो, चालवते ती. चिखलात भरली ट्रॉली मागून ढकलायला लागली की काय करायचं, ते मला नुसतं ऐकून ठाऊक. तिचं अंगवळणी पडलेलं.
"तोंड तिकडंच वळवायचं, जिकडं मागचं अंग चाललं. आन पाय उचलायचा न्हाई, मग काही होवो."
पदर खोचला. लांबून जोरात आली, आधी जराशी उलट्या बाजूला वळवली आन झटक्यात ड्रमकडं. मी शेजारी दार धरून. अर्धा फेरा झाला, मग गाडी मेली.
म्हणलो, इंजिनच लहान, काय करणार.
"लहान आहे तर जोर आधीच घेऊन यावं ना. वळणात शिरल्यावर मागितला तर कुठून देईल बिचारं?"
नऊ वर्षं उस्तादाकडं, वीस वर्षं मपल्या गॅरेजात, आन हे मला ऊस वाहणारी बाई सांगून राह्यली. राग आला. रागापेक्षा दुसरंच जास्त वाटलं.

११ ऑगस्ट
झाला. अख्खा फेरा, इंजिनचा आवाज न तुटता. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राह्यला. मंदा उतरली, केसाला, कानाला सगळीकडं चिखल. मला वाटलं, साऱ्या अंबड तालुक्याला ओरडून सांगावं, ही मपली बायको आहे.
तोंडातून निघालं काय, तर "क्लच जास्त दाबतेस."
"हं," म्हणाली आन हसली. तिला कळलं असंल.

२९ सप्टें.
उस्तादांना एस.टी.नं आणलं. रात्रीचा पाऊस, आवार ओलं. म्हणलो, ड्रमपासून लांब खुर्ची टाकतो. म्हणले, "मला काय दिसणार? आत बसव."
मंदा चालवायला, उस्ताद शेजारी, मी बाहेर. दोन फेरे, लागोपाठ. उस्तादांनी टोपी काढून मांडीवर दाबून धरल्ती. गाडी थांबली तरी उतरेनात. मग म्हणले, "आवाज कहीं नहीं टूटा. बराबर, बेटी."
पहिल्याच वेळी मिळालं तिला. मला वाईट वाटायला पाहिजे व्हतं, वाटलं न्हाई. डोळे भरले, बाजूला जाऊन तोंड धुतलं.
मग उस्ताद उतरून खाली वाकले. तळहातानं जमीन चाचपली. "ओल्यात झालं, वसंता. ओल्यात छोटं इंजिनबी शेर. कोरड्यात दाखव."
मी तडकलो. म्हणलो, उस्ताद, दसऱ्यानंतर तुम्ही चालले. आवार वाळणार कधी आन दाखवणार कधी?
"पोराला फोन लावून दे," म्हणले. "सांगतो, बाप थोडा रुकेगा."

१८ ऑक्टो.
दसरा झाला. उस्ताद आमच्याकडंच, गॅरेजातल्या खाटेवर. परवा परत सर पडली. दिवाळी झाली की गळीत सुरू, बैलगाड्या लागतील, मग आवारात पाय ठेवायला जागा न्हाई. मधले दिवस तेवढेच आहेत.
कोरड्यात होईल का? मला वाटतं, अर्धा फेरा. मंदा म्हणते, तिसऱ्या गिअरमध्ये यावं लागंल, अजून लांबून. दोघं रोज चहाला यावरच भांडतात, ती आन उस्ताद. मला कोणी विचारत न्हाई.
ती सकाळी आवारात जाऊन टाचेनं माती उकरून येते. आज आल्यावर म्हणाली, "वरून वाळलंय. आत ओल आहे. अजून चार दिवस."
उस्ताद म्हणले, "चार दिन."
हैदराबादची पेटी बांधून खाटेखाली ठेवलेली. कोरड्यात लावायला बाजूला काढलेला टायर मंदानं काल त्या पेटीवरच टाकला. उस्तादांचा हात लागला, चाचपून बगितलं काय आहे ते. तसाच राहू दिला.