कोरडं अंगण

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ अजून तशीच चालते. गेली तीन वर्षं आपण दोघं फोनवर बोललो ते हवा आणि तब्येत एवढंच, आणि तेही तिने फोन माझ्या कानाला लावला म्हणून. या तीन वर्षांत मी तुझ्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही. हे मला रोज खुपतं. समोर बसून बोलायला गेलो तर माझी गाडी पुन्हा हवा आणि तब्येत यावरच येईल, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लागलं नाही तर समजून घे, थापी धरणाऱ्या हाताला पेन फार बारीक वाटतं.

बातमी अशी, की मी आपल्या अंगणाला सीलर दिला, तेच काँक्रीटची छिद्रं बंद करणारं तुझं औषध. हस, पोटभर हस. चाळीस वर्षं काँक्रीट ओतणारा गवंडी, जो तुझ्या धंद्याला चारचौघांत ‘बाटलीतलं काम’ म्हणायचा, तो गुडघे टेकून स्वतःच्या अंगणाला बाटलीतलं काम करत होता. तू शाळेत होतीस तेव्हा ओतलेलं ते अंगण. हल्ली त्याचा वरचा थर सुटायला लागला होता. आई रोज झाडायची आणि रोज सुपलीभर भुकटी निघायची. मी म्हणायचो, काँक्रीट आहे, थोडं झडणारच. मग एक दिवस तुझ्या कारखान्याचं माहितीपत्रक तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवलं, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. चहा गाळताना माणूस बघणार तरी कुठे?

ते वाचताना मला गॅरेजवाल्याची फरशी आठवली. तुलाही आठवत असेलच, तेव्हा तू माझ्याबरोबरच कामावर यायचीस. मी केलेली, आरशासारखी सपाट फरशी, आणि वर्षभरात तिच्यावर तेलाचे काळे डाग मुरलेले. तो तक्रार करत होता आणि मी त्यालाच नावं ठेवत होतो, तेल सांडतोस कशाला म्हणून. तू मधे पडून शांतपणे म्हणालीस, “बाबा, काँक्रीट जे सांडेल ते पितं. आपण ते वरून बंद करायला हवं होतं.” आणि मी त्या माणसासमोर, आपल्या दोन्ही कामगारांसमोर म्हणालो, “मला शिकवायला तुला लहानाची मोठी केली नाही.” तू ‘आपण’ म्हणाली होतीस, पोरी. चूक माझी एकट्याची होती आणि तू ती अर्धी स्वतःच्या अंगावर घेतली होतीस. हे माझ्या लक्षात आलं तोवर तू वेगळा कारखाना टाकून मोकळी झाली होतीस.

असो. दुकानात गेलो. दुकानदार मला ओळखतो, त्यामुळे तो गालातल्या गालात हसत होता. त्याने दोन प्रकार दाखवले. एक वर थर धरतो आणि चकाकतो, दुसरा आत मुरतो आणि दिल्यासारखा दिसतच नाही. मी म्हटलं, दिसतच नाही तर देऊन उपयोग काय? चकाकणारा आणला. माहितीपत्रकात तू ठळक छापलंय, की पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. मी ते वाचलं होतं, तुझी शपथ. पण पहाटे उठलो, अंगणात आलो, आणि हाताने आपोआप नळी उचलली. जन्मभर काँक्रीटवर सकाळी पाणी मारलेला माणूस मी. काँक्रीट दिसलं की त्याला पाणी पाजायचं, हे माझ्या हाडात मुरलंय. छान भिजवलं, वरवर सुकल्यासारखं वाटलं तेव्हा सीलर दिला, आणि हात आखडता नको म्हणून एकाऐवजी तीन जाड हात मारले.

दुपारपर्यंत अंगण पांढरं पडलं. दूध सांडून तसंच वाळावं, तसं. खालचा ओलावा वरच्या थराखाली अडकला होता, हे कळायला मला तुझ्या माहितीपत्रकाची गरज पडली नाही, पण उशीर झाला होता. जो भाग त्यातल्या त्यात बरा होता, तिथे आईने मुद्दाम तांब्याभर पाणी ओतलं, मला त्यावर चालायला सांगितलं, आणि मी असा घसरलो की सरळ तिच्या गळ्यात पडलो. ती म्हणाली, लग्नानंतर एवढ्या घाईने कधी आला नव्हतात. मग आम्ही दोघं पायरीवर बसून इतकं हसलो की शेजारीण कुंपणातून डोकावून गेली.

तो थर सोडवायला चार दिवस लागले. तोंडाला मास्क, हातात ब्रश, आणि वर आईच्या सूचना. मग ते पूर्ण वाळावं म्हणून आठवडाभर अंगणाकडे नुसता बघत बसलो. नळीला कुलूप लावता येत नाही, म्हणून तुझ्या आईने ती माळ्यावर टाकली. मग तू लिहिलंय तसा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी पट्टीने चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघितला. आत एक थेंबही जमला नव्हता, म्हणजे अंगण खालपर्यंत वाळलं होतं. पाण्याचे थेंब टाकले, ते लगेच आत गेले, म्हणजे जुना थर पुरता निघाला होता. तेव्हा मुरणारा सीलर आणला. पंपाने फवारला, जिथे साचला तिथे फडक्याने पुसला, एकच हात, आणि तोही पातळ. भिंगरी, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी लिहिलेलं जसंच्या तसं केलं.

चार दिवसांनी त्यावर पाणी शिंपडलं. थेंब पसरले नाहीत, गोल होऊन उभे राहिले. अंगण आधीसारखंच करडं, साधं, माझंच, आणि तरी पाणी पीत नव्हतं. मी आईला हाक मारली. ती तांब्या घेऊन आली, आणि आम्ही दोन म्हातारे अर्धा तास तिथे पाणी उडवत होतो. मला इतका आनंद माझ्या कुठल्याही फरशीने दिला नव्हता. आणि त्या आनंदात सारखं एकच वाटत होतं, हे भिंगरीला दाखवायला हवं. तीन वर्षं मी तुझ्या कामावर हसलो, बेटा. ते काम चांगलं आहे. तू बरोबर होतीस आणि मी उद्धट होतो. हे फोनवर सांगण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं.

आता खरं कारण. आई म्हणत होती, तुला शाळेच्या सगळ्या व्हरांड्यांचं काम मिळालंय, आणि सीलर देण्याआधी भेगा भरून फरशी सारखी करणारा तुझा माणूस सोडून गेलाय. दुसरा मिळत नाही म्हणून तू काम परत करायच्या विचारात आहेस. तिने मला बजावलं होतं, पोरीला विचारू नका, ती संकोचेल. मी विचारतोय. भेगा भरण्यात माझा हात धरणारा अजून कुणी नाही, हे तू जाणतेस. तर हा माझा अर्ज समज. लोक अर्जात आपले गुण लिहितात, मी चुका लिहिल्या, म्हणजे नंतर तुला धक्का बसायला नको. सोमवारी सकाळी मी तुझ्या दाराशी येईन. नको असेन तर आईला तसं कळव, मी राग धरणार नाही. तिथे मी तुझा बाप म्हणून येणार नाही. माझं काही चुकलं, तर सगळ्यांसमोर सांग. मी ऐकेन.

तुझाच,
बाबा