मोटरपाशी धरलेला फोन

प्रिय नम्रता,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. तुझा सम्यक आज शाळेतून इकडे आलाय, त्याच्या दप्तरात घालून पाठवतोय, म्हणजे ऑफिसच्या कागदांत न हरवता तुझ्या हातात पडेल. रविवारी तू मला विचारलंस की बाबा, रोज सकाळी दहा ते एक ऑफिसला येऊन बसाल का, निम्मी कामं तुम्ही बघितलीत तर मला जरा श्वास घेता येईल. काल लिफ्टचं काम आटपून जयवंत घरी आला होता. तो म्हणाला, तुमच्यासाठी टेबल लावून झालंय, पंखापण नवीन आहे. तर पोरी, माझं उत्तर नाही असं आहे. तू चिडशील. बेचाळीस मेकॅनिक आणि तीनशेवर लिफ्टा माझ्या गळ्यात घालून हा माणूस घोडपदेवला कॅरम खेळत बसलाय, आणि मी इथे उभ्याने जेवतेय, असं तुझ्या मनात येईल. यातलं काहीच खोटं नाही. म्हणून नुसतं नाही म्हणून थांबत नाही, कारण सांगतो. ते जरा लांबून येतं, तेवढा धीर धर.

मी या धंद्यात शिरलो तो हातात तेल पुसायचं फडकं घेऊन. शिक्षण जेमतेम, ओळख कोणाची नाही. पण कान होता. परळच्या एका जुन्या इमारतीत सगळे मिस्त्री मोटर उघडून बसले होते, मी जिन्यावरून नुसतं ऐकलं आणि म्हटलं, मोटरीला काय झालेलं नाही, वरची पुली बघा. त्या दिवसापासून मला लोक नावाने हाक मारायला लागले. पुढे आपली कंपनी झाली, माणसं वाढली, आणि मी नियम केला की दुरुस्ती झाली की मला फोन लावायचा, फोन मोटरपाशी धरायचा, मी ऐकणार आणि मी हो म्हटल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. दिवसाला साठ-सत्तर फोन. जेवताना, आंघोळीला जाताना, मयतीत. तुझी आई म्हणायची, मुंबईतल्या एकूण एक मोटरीचं ऐकता, माझं तेवढं राहिलंय. तुझ्या लग्नात बुद्धवंदना चालू होती तेव्हा मी हॉलच्या मागे एका कानात बोट घालून वडाळ्याची मोटर ऐकत होतो. तुला ते कळलं नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आई म्हणते, तू दोनदा मागे वळून बघितलंस.

आणि खरं सांगू, मला ते आवडायचं. अर्धा तास फोन वाजला नाही तर मी तो उचलून बघायचो, बंद तर पडला नाही ना. लोकांना सांगायचो, काय करणार, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. पाणी उताराकडे येतं तसं काम माझ्याकडे यायचं. पण उतार मीच खणून ठेवला होता, हे कुठे कोणाला सांगतो?

मी काम सोडलं त्याच्या सहा महिने आधीची गोष्ट आहे, आजवर तुला सांगितली नाही. लालबागला नव्या टॉवरमधल्या मनवांकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. आदल्याच आठवड्यात त्या टॉवरमधून जयवंतने फोन मोटरपाशी धरला होता आणि मी सांगितलं होतं, बेअरिंग गेलंय, बदल. तो हो साहेब म्हणाला. जेवण झालं, सवयीने गच्चीवर मशीनरूममध्ये डोकावलो. बेअरिंग जुनंच. खाली लिफ्टच्या डब्याला रुळावर धरणारे शू असतात ना, ते मात्र नवेकोरे. आणि लिफ्ट लोण्यासारखी चालत होती. म्हणजे मी सांगितलं ते चूक होतं आणि त्याने बरोबर होतं ते केलं होतं. दुसऱ्या दिवशी जयवंतला चहाला नेलं आणि विचारलं, हे कधीपासून? त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "झाली की साहेब तीन-चार वर्षं. सगळेच करतात." मी म्हटलं, अरे मग फोन कशाला लावता? तर म्हणतो, "नाही लावला तर पंधरा मिनिटांत तुम्ही लावता. त्यापेक्षा आपणच लावलेला बरा."

मला आधी राग आला, मग हसायला आलं, आणि घरी जाईपर्यंत दोन्ही गेलं. नम्रता, तीन-चार वर्षं मी दिवसाचे साठ फोन घेत होतो, आणि बेचाळीस माणसं माझं मन राखत होती. माझी दमणूक खरी होती, रक्तदाब खरा होता, तुझ्या लग्नातून उठून गेलो होतो तेही खरं. फक्त त्याची गरज कोणालाच नव्हती. मला वाटायचं मी त्यांना सांभाळतोय.

आता तुझ्याकडे येतो. मागच्या महिन्यात त्याच टॉवरमध्ये पुन्हा गेलो होतो. चौथ्या मजल्यावर जिन्यात मनवांची आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिच्या शेजारी आपला दीपक, हत्यारांची पिशवी बांधून तयार. मी म्हटलं, काय रे, झालं नाही का काम? तो म्हणाला, "काम पाऊण तासापूर्वी झालं साहेब. व्हिडिओ टाकलाय व्हॉट्सॲप ग्रुपवर. मॅडमचा अंगठा आला की चालू करतो." म्हातारी म्हणाली, "तुमच्या मुलीला सांगा हो, लवकर अंगठा दे म्हणावं, मला वरती बाथरूमला जायचंय." मी दीपकला म्हटलं, चालू कर, नाव माझं सांग. त्याने नाही केली. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. जयवंत म्हणतो, तू रोज असे दीड-दोनशे अंगठे देतेस, त्यातले निम्मे व्हिडिओ न बघता. पोरांना ते माहीत आहे. म्हणून आता तीही न बघता टाकतात. मॅडम बघतील म्हणून ती बघत नाहीत, आणि पोरांनी बघितलं असेल म्हणून तू बघत नाहीस.

तू हे का सुरू केलंस तेही मला ठाऊक आहे. पहिल्याच महिन्यात परळला लिफ्ट दीड तास अडकली होती, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने सगळ्या मेकॅनिकांसमोर तुला विचारलं, मॅडम, तुम्हाला माहीतच नव्हतं? वडिलांच्या वयाची माणसं हाताखाली, त्यात तू बाई, त्यात तो प्रश्न. तेव्हापासून तू ठरवलंस की यापुढे मला माहीत नाही असं काही असणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी तर त्याहून कमी कारणासाठी केलं. मला भीती होती की हे सगळ्यांना जमतं असं ठरलं, तर मी परत फडकंवालाच.

सल्ला द्यायचा अधिकार मला नाही, पण बाप आहे, देणारच. दोर, ब्रेक आणि दरवाजाचं कुलूप, ज्यात जीव जातो, तेवढं तुझ्याकडे येऊ दे, आणि ते स्वतः जाऊन बघ. बाकीच्यावर ज्याचे हात काळे झाले त्याचीच सही राहू दे. चुकतील. एखादा सेक्रेटरी पुन्हा विचारेल. तेव्हा सांग, मला माहीत नव्हतं, जयवंतला माहीत होतं, त्याला विचारा. हे वाक्य मला तीस वर्षांत एकदाही म्हणता आलं नाही. आणि मी दहा ते एक येऊन बसलो तर काय होईल? दोनशेतले शंभर अंगठे माझे होतील. म्हातारी जिन्यातच बसेल.

पण हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पत्र कशाला, असं तुला वाटलं असेल. मी गुडघ्यांमुळे काम सोडलं असं सगळ्यांना सांगितलं, तुलाही. गुडघे ठीक आहेत. कान गेलेत. बेअरिंग म्हणालो तेव्हाच उजवा गेला होता, मी कबूल करत नव्हतो. आता डावाही जातोय. फोनवर तू बोलतेस तेव्हा मी हं हं करतो आणि नंतर आईला विचारतो काय म्हणाली. रविवारी तू पाठमोरी भांडी घासत होतीस, नळ चालू होता, मी मान हलवली. तू काय विचारलंस ते मला टॅक्सीत आईने ओरडून सांगितलं. टॅक्सीवाल्याला वाटलं आमचं भांडण चाललंय. दादरच्या डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी बोलावलंय. तपासून मशीन लावायचं की आणखी काही करायचं ते सांगणार आहेत. आई येईल, पण ती घाबरते आणि अर्धंच ऐकते. तू ये. फोन जयवंतकडे देऊन ये. मी काही त्याच्याशी बोललेलो नाही, ते तुलाच बोलावं लागेल. डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकायला मला कोणीतरी हवंय.

तुझाच,
बाबा