रडकी कोणाच्या वाट्याला

१२ नोव्हेंबर

बंद! देशातली एकुलती एक ज्युनिअर कार-शर्यतींची मालिका दुसऱ्याच वर्षी गुंडाळली. शेवटची शर्यत रद्द आणि ट्रॉफी त्या हाडकुळ्या काडीपैलवानाला — का, तर तो माझ्यापेक्षा दोन गुणांनी पुढे! दोन!

ते दोन गुण कुठे गेले ते मला पक्कं ठाऊक आहे. रडकीत! गाड्या सगळ्या आयोजकांच्या — एका माणसापुरत्या, वरून उघड्या, आणि म्हणे एकसारख्या. दर शर्यतीला हेल्मेटमधून चिठ्ठी काढायची, येईल ती गाडी चालवायची. त्यातलीच एक ही रडकी. डावीकडे ओढते, वळणावर किंचाळते. यंदा ती माझ्या गळ्यात दोनदा पडली. त्याच्या एकदाही नाही. नशीब एकेकाचं!

आई म्हणाली, "झालं ना आता? लाग अभ्यासाला." दार आपटलं. मग थोड्या वेळाने जाऊन जेवले. भूक लागली होती, काय करणार.

१३ नोव्हेंबर

ही शर्यत होणार. मी करणार.

१५ नोव्हेंबर

मेकॅनिककाकांकडे गेले. गाड्या विकल्या जाईपर्यंत त्यांच्याच गॅरेजात आहेत. आधी "वेडी की खुळी तू!" मग हात पुसत म्हणाले, "त्या रद्द शर्यतीसाठी तेवीसचा ट्रॅक घेतलेलाच आहे म्हणा. आयोजकांना मी पटवतो. पोरं तू जमव."

पोरं एका पायावर तयार! काडीपैलवानाला फोन लावताना मात्र दोनदा नंबर अर्धवट सोडला. त्याला कशाला यायचंय? ट्रॉफी त्याच्या कपाटावर. शेवटी तोंडातून गेलंच — "तू नुसता कागदावरचा विजेता आहेस." तो म्हणाला, "बघतो".

बघतो म्हणजे नाहीच!

१९ नोव्हेंबर

बाबा: "आणि हरलीस तर?"

नाही हरणार, बाबा. फक्त धड गाडी मिळू दे.

दुपारभर खुर्चीत डोळे मिटून ट्रॅक चालवला. स्टिअरिंग म्हणून पातेल्यावरचं झाकण. आई दारातून — "ब्रेक मारा बाईसाहेब, चहा गार होतोय." हसू आलं. पण तिसरं वळण अजून चुकतंय.

२३ नोव्हेंबर, ट्रॅकवर

आला! सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता!

चिठ्ठ्या काढल्या. मला चार नंबर, सगळ्यांत गुणी गाडी. त्याला — रडकी!

उड्या माराव्याशा वाटल्या. मग वाटलं, असं जिंकून काय करू? उद्या तोही म्हणेल, रडकीने घात केला. वर्षभर मी तेच म्हणतेय! जाऊन म्हटलं, "परत काढ चिठ्ठी. माझी हरकत नाही." खांदे उडवले त्याने. "आली ती आली."

काका हाका मारतायत. आज सोडायचं नाही!

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ

तो जिंकला. रडकीतून.

मी दुसरी. चार नंबरची काही चूक नव्हती. विचारलंच त्याला, कसं काय रे? म्हणाला, "ओढते ना, मग थोडं ओढू द्यायचं. तू दोन्ही वेळा स्टिअरिंग आवळून धरलं होतंस. मी मागेच होतो, दिसत होतं."

घरी येईपर्यंत रडले. आत्ता काकांना फोन केला. विकण्याआधी एक दिवस रडकी मला हवी.