खिळ्यावरचा एप्रन

प्रिय वहिनी,

मी येईपर्यंत दादाची प्रयोगशाळेतली टाकी चालू ठेव, असं तू बजावलं होतंस. नाही गं जमलं. आज दुपारी बंद केली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते, म्हणजे शिव्या घालायच्या तर मलाच घालशील. परवा फोनवर तू त्याच्या न धुतलेल्या शर्टाचं विचारलंस, तेव्हाही मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. कारण पुढे सांगते.

दादा गेल्यापासून टाकीतला हायड्रोजन उतरतच होता. सडकी केळी, बटाट्याची सालं, सगळं तो घालायचा तसंच मी घालत होते. पण आत ते दुसरे जिवाणू माजले, आपल्या जिवाणूंनी केलेला हायड्रोजन खाऊन मिथेन करणारे. दादा त्यांना आयतोबा म्हणायचा. त्यांच्यावर त्याचा एकच इलाज, गाळ उकळायचा. आयतोबा मरतात, आपले कवच पांघरून झोपतात आणि गार झालं की मुकाट्याने कामाला लागतात. पहिल्यांदा त्याने हा उद्योग आईच्या मोठ्या पातेल्यात, आईच्याच शेगडीवर केला होता, आठवतं? आईने त्याची अशी हजेरी घेतली की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. आणि तू, नवी सून, मागच्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून हसत होतीस. मला तू तेव्हाच आवडलीस.

या वेळी मीही गाळ उकळला. थोडा गॅस आला, पुन्हा पडला. प्रयोगशाळेचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, पण वरून पैसे थांबले आणि खोली रिकामी हवी झाली. दोनदा त्यांनी मुदत वाढवली, नंतर माझी नजर चुकवायला लागले. मग मीच पिशवीत साठलेला शेवटचा गॅस नळीवर पेटवला. ती ज्योत दिवसा दिसत नाही, दादा वर कागद धरून दाखवायचा. मी कागद धरला. जळला गं! मग टाकीत ब्लीच ओतलं आणि बाहेर पायरीवर बसून ढसाढसा रडले. वॉचमनला वाटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं.

आईवर रागावू नकोस. त्या खवट लोण्यासारख्या वासावरून ती दादाशी जन्मभर भांडली. त्याच्या कपड्यांना वेगळी बादली, वेगळी दोरी. तूसुद्धा म्हणायचीस, नवऱ्याआधी त्याचा वास घरात येतो. तू माहेरी गेलीस आणि आईने त्याचे सगळे शर्ट सोडा घालून, गरम पाण्यात दोनदोनदा धुतले. सुनेच्या हाती स्वच्छ कपडे द्यावेत म्हणून. वाळल्यावर घड्या घालायला बसली, एक शर्ट नाकाला लावला, मग दुसरा, मग तिसरा. कशालाच वास नव्हता. तेव्हापासून ती धड जेवत नाही, आणि ती दोरीही कुणाला सोडू देत नाही.

आता या पार्सलचं. टाकी रिकामी केली, खोली धुऊन काढली, दार ओढून घेताना मागच्या खिळ्यावर त्याचा एप्रन दिसला. रोज तिथेच होता की! पण साऱ्या खोलीलाच तो वास, त्यात एप्रनचा वेगळा कसा कळणार? आज खोलीतला वास गेला तेव्हा कळला. टाकीचा आहे, पण त्यात दादाचा घाम आहे, दाढीचा साबण आहे. घरी आणून आईच्या हातात दिला. तिने आधी सवयीने नाक मुरडलं आणि मग कितीतरी वेळ तो सोडलाच नाही. शेवटी तीच म्हणाली की हा सुनेचा आहे, तिला पाठव. दादा ज्यात नमुने ठेवायचा त्या रुंद तोंडाच्या बरणीत घातलाय, रबरी बूच घट्ट बसवलंय, वरून मेण लावलंय. हवा लागू द्यायची नाही, एवढं तर त्याने आपल्या दोघींनाही शिकवलं होतं. रोज उघडू नकोस, वहिनी. अगदीच राहवेना तेव्हा उघड, आणि लगेच बंद कर.

तुझीच,
भांडकुदळ नणंद