भोईवाड्याचा हिरवा दोरा

गिरगाव, मुंबई
बुधवार, २२ जानेवारी १९५८

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा आहेस, असं तुझी आई लिहिते; तू स्वतः काही लिहीत नाहीस. रविवारी सकाळी शर्यत आणि त्याच संध्याकाळी बडोद्याची गाडी, हा वेग तू आधी दाखवला असतास तर निराळं पत्र लिहिलं असतं. अर्थात द्विभाषिकाच्या कृपेने हल्ली गिरगाव आणि बडोदा एकाच राज्यात आहेत, तेव्हा भाचा फार लांब गेला असं मी धरत नाही.

निकाल वर्तमानपत्रात चार ओळींत आला. मॅरेथॉन शर्यत, गिरगाव चौपाटी ते घाटकोपर आणि परत, मैल सव्वीस. तिसरा चिंचपोकळीचा कोंडीराम, तीन तास चार मिनिटं अकरा सेकंद. चौथा तू, तीन तास चार मिनिटं बावीस सेकंद. पहिले तिघे मद्रासच्या अखिल भारतीय शर्यतीला जाणार. तुझी मामी म्हणते, अकरा सेकंदांत निरांजनाची वातसुद्धा नीट लागत नाही, त्यात मद्रास कसं जातं?

मूळ ग्रंथ तू धावलास, भाष्य माझ्याकडे आलं. तीस वर्षं संस्कृत शिकवून दुसऱ्याच्या घामावर टीका लिहायची सवय लागली आहे, ती चालवून घे.

पहिले तेरा मैल उत्तम. घाटकोपरला वळलास तेव्हा तू सहावा होतास, येताना शीवला चौथा, आणि भोईवाड्याच्या नाक्यावर, जिथे मी आणि आमचे चिरंजीव बंडू बसलो होतो, तिथे तिसरा. दोऱ्यांची योजनाही मला आवडली. शीव कोळीवाड्याला तांबडा, घाटकोपरला पिवळा, आमच्याकडे हिरवा. तिन्ही दोरे मनगटाला असल्याशिवाय आलेला माणूस आला असं शर्यतीचं मंडळ मानत नाही; ट्रामचा मोह कोणाला कधी होईल सांगता येत नाही.

घोटाळा झाला तो भोईवाड्यालाच. तिथे तू रेंगाळलास. तू उभा असतानाच कोंडीराम मागून आला, दोरा बांधून घेतला आणि पुढे गेला. एकविसाव्या मैलावर असं उभं राहणं परवडत नाही. शेवटचे पाच मैल तुझ्या पायांत अजून उतरलेले नाहीत, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

पुढची शर्यत डिसेंबरात आहे. सोमवारी विश्रांती. मंगळवारी आणि गुरुवारी चौपाटीच्या ओल्या वाळूत पाच मैल, बुधवारी वाळकेश्वरचा चढ चार वेळा, रविवारी शीव कोळीवाड्यापर्यंत जाऊन-येऊन सोळा. शर्यतीच्या आदल्या दिवशी वालाची उसळ खायची नाही, मामीने तिसऱ्यांदा वाढली तरी.

बंडूने काही निरोप दिलेला नाही. दोन दिवस तो माझ्याशीही फारसा बोलत नाही. थंडीने गुडघा दुखत असेल.

तुझा
अण्णामामा

*

गिरगाव, मुंबई
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

चि. कमलाकांत,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते पुढे करायला मी जरा बिचकतो आहे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. 'मामा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, शेवटचे मैल माझ्यात नाहीत, धावणं आता पुरे' असं लिहिलंस. तिथल्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकुनाची जागा आहे आणि पंधरा तारखेच्या आत होकार द्यायचा आहे, असंही कळवलंस. त्याखाली 'बूट बंडूला देऊन टाका' अशी ओळ होती. बंडूला धावायचे बूट कशाला, हे ध्यानात येऊन तू ती खोडलीस. पण मी मास्तर आहे, खोडलेलं आधी वाचतो.

पत्र मी पाच वेळा वाचलं. जे वाक्य शोधत होतो ते त्यात नव्हतं. ते तू लिहिलं असतंस तर मी रागावून उत्तर दिलं असतं आणि सुटलो असतो. तू लिहिलं नाहीस, म्हणून मला लिहावं लागतं आहे.

त्याआधी बंडूचं सांगतो. शुक्रवारी जेवण झाल्यावर तो काठी टेकत माझ्या टेबलाशी आला आणि भोईवाड्याच्या नाक्याचा कागद समोर ठेवला. कोण किती वाजता आलं आणि गेलं हे त्या दिवशी त्याने टिपलं होतं, ते तुला आठवत असेल. मूळ प्रत मंडळाकडे दिली, ही त्याने स्वतःसाठी उतरून घेतलेली. दोन ओळी तुझ्यासाठी लिहून पाठवतो.

कोंडीराम. आला नऊ वाजून सत्तावीस मिनिटं बावीस सेकंद, गेला सत्तावीस सेकंदांना.

कमलाकांत. आला नऊ वाजून सत्तावीस मिनिटं दहा सेकंद, गेला एक्केचाळीस सेकंदांना.

त्याला पाच सेकंद लागले, तुला एकतीस. तू त्याच्या बारा सेकंद आधी आलास आणि चौदा सेकंद मागे पडून निघालास. चौपाटीवर मात्र त्याच्यात आणि तुझ्यात अकराच राहिले. म्हणजे ज्या पाच मैलांबद्दल मी स्पष्ट अभिप्राय दिला, त्यांत तू त्याच्याहून तीन सेकंद जोरात धावलास. माझ्या गणिताची कीर्ती तुला ठाऊक आहे, म्हणून बंडूकडून दोनदा तपासून घेतलं.

तू रेंगाळला नव्हतास. मी तुझा हात धरला होता.

शुक्रवारी रात्री या पत्राचा जो खर्डा माझ्याकडे होता, त्यात मी असं लिहिलं होतं की दोरा बांधताना रक्षासूत्राचा श्लोक म्हणायची माझी जुनी खोड आहे, तोंडाने पूर्ण झाल्याशिवाय हाताने गाठ बसत नाही, त्यात वेळ गेला. ऐकायला बरं वाटतं. बंडूने वाचून खर्डा परत दिला. म्हणाला, "अण्णा, त्याच्या आधीच्या दोघांना तुम्ही श्लोक म्हटलात का?"

(रागात असला की तो माझ्याशी तुझ्याच बाजूने बोलतो.)

नव्हता म्हटला. त्या दोघांना मी पुडीला बांधावा तसा दोरा बांधला. कोंडीरामाला तर मी बांधलाच नाही. माझे हात तुझ्या मनगटात अडकलेले बघून बंडूनेच पेन्सिल ठेवून त्याला बांधला. श्लोक फक्त तुला. तोही पहिल्या दहा सेकंदांत संपला. गाठ बसली होती. पुढचे वीस सेकंद मी नुसता धरून होतो.

तू म्हणालास, "मामा, सोडा."

कमलाकांत, छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायचं ठरलं म्हणून सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं, तेव्हा बंडू जिन्याच्या तोंडाशी चपला घालत होता. मी त्याचं मनगट धरलं. तो हसून म्हणाला, "अण्णा, सोडा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." माझ्या दुसऱ्या हातात तपासायचे पेपर होते. मी सोडलं. पुढचं तू पाहिलेलंच आहेस; त्याच्या गुडघ्यातली पोलिसांची गोळी काढली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तू माझ्याशेजारी बसला होतास. घरात खरा धावणारा तो होता. तू त्याच्या मागे मागे चौपाटीवर शिकलास.

दोन वर्षांनी, त्याच महिन्यात, तोच शब्द. मनगट तुझं होतं, इतकाच फरक. तो मला वीस सेकंद कळला नाही.

हे मी बंडूला पहिल्यांदाच सांगितलं. त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "अण्णा, तेव्हा तुम्ही धरून ठेवलं असतंत तरी हात झटकून मी गेलोच असतो. तो मात्र तुम्ही सोडेपर्यंत उभा राहिला. आणि तुम्ही त्यालाच रेंगाळला म्हणता."



मंडळाच्या चिटणिसांना मी शनिवारी सगळं लेखी दिलं. निकाल बदलणार नाही, आणि बदलूही नये; कोंडीराम प्रामाणिकपणे धावला, त्याचं मद्रास त्याच्याकडेच राहू दे. माझ्याबद्दल ते म्हणाले की डिसेंबरात मला दोरे द्यायचे की नाही ते परीक्षा घेऊन ठरवतील. तीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्याची ही फेड असावी.

तेव्हा मागच्या पत्रातला सरावाचा तक्ता दुरुस्त करून घे. 'नाक्यावर रेंगाळू नये' हे तुझ्या खात्यातून काढून माझ्याकडे घेतो. वाळकेश्वरचा चढ चारऐवजी तीनदा पुरे. बंडू म्हणतो, तुझे चढ चांगले आहेत, उतारावर तू पाय आपटतोस, ते सुधार. चौपाटीवर घड्याळ घेऊन तो उभा राहील. हे त्याने आपणहून सांगितलं. दोन वर्षांत तो वाळूकडे फिरकला नव्हता, तुला माहीत आहे. वालाच्या उसळीचा नियम कायम.

परत ये, असं मी लिहीत नाही. जागा चांगली असेल तर घे, बकुळेलाही मुलगा जवळ राहिल्याचं समाधान मिळेल. पण ती जागा तुझ्या पायांमुळे घेऊ नकोस. पायांत काही कमी नाही, हे सेकंदांनिशी वर लिहिलं आहे. हे पत्र आईला दाखवलंस तरी चालेल. धाकट्या बहिणीपुढे खरं बोलायची वेळ कधीतरी यायचीच. बूट कोणाला दिलेले नाहीत. मामीने खडू लावून गॅलरीत ठेवले आहेत.

माझा सराव शनिवारपासूनच सुरू झाला आहे. सकाळी पूजेनंतर वीस दोरे, बंडूच्या मनगटावर. घड्याळ त्याच्याच दुसऱ्या हातात. पहिल्या दिवशी नऊ सेकंद लागले, आज चार. श्लोक मी टाकलेला नाही, पण तो आता गाठीबरोबर म्हणायचा नाही. तू नाका ओलांडून गेलास की मागून म्हणेन. पाठमोऱ्यालाही तो लागतोच.

बंडू पहिले दोन दोरे होईपर्यंत "अण्णा, सोडा" म्हणत होता. आता त्याने म्हणायच्या आत हात सुटतो.

चार सेकंदांवर आलेला
तुझा मामा