साखरपुड्याआधी कॅमेऱ्याची सर्व्हिसिंग

१४ सप्टेंबर, रविवार

स्वरूपाचा साखरपुडा ठरला. ९ नोव्हेंबर, नोएडात हॉल. मुलगा निहार. गाझियाबादचा आहे, पण चांगला आहे.

फोटोग्राफर मी. जेवताना जाहीर करून टाकलं. स्वरूपा म्हणाली की तिच्या ऑफिसातल्या मुलीने एक फोटोग्राफर सुचवलाय, तर बाबा, तू आरामात पुढे बस ना यार. बापाला यार! दिल्लीत वाढलेल्या मुलांचं हे असंच. मी म्हटलं, बिल्कुल नाही. घरात डीएसएलआर असताना बाहेरचा माणूस कशाला? लेकीचा साखरपुडा बापाच्या नजरेतूनच टिपला गेला पाहिजे.

वाक्य चांगलं झालं. शालिनीने ऐकलं नाही, मिक्सर चालू होता.

संकल्प: अंगठी बोटात जातानाचा एक फोटो. एकच, पण घराण्यात राहील असा.

१५ सप्टेंबर

कपाटातून कॅमेरा काढला. शेवटचा वापर नैनीतालच्या ट्रिपला, म्हणजे स्वरूपा कॉलेजात असताना. बॅटरी मेलेली. ते किरकोळ आहे. गंभीर बाब ही की इतक्या वर्षांत सर्व्हिसिंग एकदाही नाही.

आणि हे कोणाच्या घरात? मुरलीधर काळसेकरच्या. ज्याचं अर्धं आयुष्य मंत्रालयात एएमसीच्या फायली हलवण्यात गेलं. एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट. आमच्या भवनातली लिफ्ट, एसी, झेरॉक्स, सगळ्यांची देखभाल माझ्या सहीने होते. (लिफ्ट बंद आहे. पण तिची देखभाल चालू आहे.)

२१ सप्टेंबर, रविवार

मॅन्युअल वाचलं. निराशा. लिहिलंय की कॅमेरा चालू-बंद करताना आतला सेन्सर स्वतःच धूळ झटकतो, फोटोत डाग दिसले तरच साफ करून घ्या, आणि फोकस नीट येत असेल तर त्याच्या सेटिंगला हात लावू नका.

लिहिणारा सरकारी नोकरीत नसावा. गरज पडल्यावर करतात ती दुरुस्ती. गरज नसताना करतात ती देखभाल.

मेहुणा यतीन आला होता. नोएडात आयटीत आहे, त्यामुळे सगळं कळतं. म्हणाला, भावोजी, आजकाल कॅमेऱ्याला काही लागत नाही, फक्त फोटो काढत राहा, हात बसेल. मोबाइलवर फोटो काढणारा माणूस मला सांगणार!

नवी खरेदी: हवा मारायचा रबरी फुगा, ब्रश, लेन्सचं लिक्विड, मऊ फडकी. ऑफिसातल्या एसीवर असतो तसा स्टिकर छापून कॅमेऱ्यावर चिकटवला. मागची सर्व्हिस, पुढची सर्व्हिस. अर्धं काम तिथेच झालं.

फोटो अजून काढलेला नाही. घाई नको.

२८ सप्टेंबर

नेटवर वाचलं की दमटपणा टाळण्यासाठी कॅमेरा तांदळात ठेवावा. ठेवला. शालिनीने विचारलं, दिल्लीत दमटपणा कुठून आणलात? दूरदृष्टीचा अभाव. रात्रीच्या भाताच्या पातेल्यात लेन्सचं झाकण निघालं, त्यावरून नको तितकं बोलली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज अवजारांची पूजा. शालिनीने विळी, सुरी, शिलाई मशीन आणि स्वरूपाचा लॅपटॉप मांडला. लॅपटॉप मिटलेला, वर एक झेंडू. मी कॅमेरा मांडला.

पूजा करता करता विचार आला की हीच तर आपल्याकडची मूळ एएमसी! दरवर्षी, ठरल्या तिथीला, न चुकता. अंगावर काटा आला.

मग वाटलं, वरवरच्या पूजेला काय अर्थ? कॅमेऱ्याचा प्राण सेन्सरमध्ये. लेन्स काढली. उघड्या तोंडाशी मनोभावे हळदकुंकू वाहिलं, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. शालिनी म्हणाली की अहो, झाकण लावून करा. मी सांगितलं, देवीची पूजा गाभाऱ्यात होते, दाराला कडी घालून नाही.

नंतर जास्तीचं हळदकुंकू फुग्याने हवा मारून उडवलं. लगेच दिसेनासं झालं. फुगा उत्तम आहे.

आज अवजारं वापरायची नसतात, म्हणून टेस्ट नाही. नियम म्हणजे नियम.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिला टेस्ट फोटो. बाल्कनीतून आकाश. वर उजवीकडे काळपट डाग.

मग शालिनीचा काढला. डाग कपाळावर. तिने थोडं सरकावं म्हणून सांगितलं, तर डाग गालावर. ती उठून गेली.

कारण उघड आहे. दिल्लीची हवा. त्यात आता शेतांत पराली, म्हणजे भाताचे खुंट, जाळायला लागतील. लेन्स पुसली. पुन्हा पुसली. लिक्विडची बाटली अर्धी झाली. डाग जागच्या जागी. जिद्दी आहे. मीही आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

नेहरू प्लेसला सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने लेन्स काढून टॉर्च मारला आणि विचारलं, सर, अंदर ये लाल-पीला क्या है? मी म्हटलं, पोल्यूशन. दिल्लीत सगळे रंग मिळतात. ती म्हणाली की साफ करून देतो, अर्धा तास बसा.

मी विचारलं, कॅलिब्रेशन कोण करणार? ती म्हणाली, फोकस ठीक है सर, जरूरत नहीं. मग विचारलं, तसं सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळेल का? नाही म्हणाली. शिवाय एकाच दुकानाचं कोटेशन घेऊन काम देणं कुठल्याच नियमात बसत नाही. कॅमेरा तसाच परत आणला. तीन दुकानांना कोटेशनसाठी पत्रं लिहिली.

मेट्रोत फार समाधान वाटलं. अर्ध्या तासात होणाऱ्या कामावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. बाहेर धूर, समोरचा ब्लॉक दिसत नाही. दोन कोटेशनं आली. तिसरा दुकानदार फोनवर म्हणाला, अंकलजी, कॅमेरा लेके आ जाओ, चिट्ठी क्यों भेजते हो. तिसरं कोटेशन नाही म्हणजे तुलनात्मक तक्ता नाही. तक्ता नाही म्हणजे निर्णय नाही. मी काय करणार?

कॅलिब्रेशन घरीच करणार. ऑफिसातून फोकस टेस्टिंगचा चार्ट प्रिंट करून आणला, भिंतीवर लावला. चार्टसमोर स्वरूपाची शाळेतली फूटपट्टी तिरकी ठेवली.

पहिल्याच फोटोत फोकस तंतोतंत. इथेच मला संशय आला. कुठलंही यंत्र कोणी हात न लावता इतकं बरोबर असूच शकत नाही. सेटिंग पुढे सरकवलं. पट्टी धूसर. मागे सरकवलं. चार्ट धूसर. म्हणजे बिघाड होताच, आता फक्त उघडकीला आला.

२ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. स्वरूपाला साखरपुड्याची साडी नेसायला लावून चार्टशेजारी बसवलं. मोरपंखी रंगाची आहे बहुतेक. हातात शालिनीची अंगठी दिली. मी सेटिंग लावत होतो. जरा वेळ गेला.

मध्येच ती म्हणाली, बाबा, एकदा कॅमेरा खाली ठेव ना. नुसता माझ्याकडे बघ आणि सांग, चांगली दिसतेय का?

मी म्हटलं, सांगतो, आधी चार्ट होऊ दे.

चार्ट झाल्यावर वर बघितलं, तर ती साडी बदलून आलेली होती. आजच्या पिढीत पेशन्स नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

समस्या सापडली! घरचा प्रकाश वेगळा, हॉलचा वेगळा. म्हणजे कॅलिब्रेशन हॉलमध्येच, ऐन वेळी झालं पाहिजे. चार्ट गुंडाळी करून पिशवीत. सेलोटेप, फूटपट्टी, फुगा पण. डाग राहील, पण तो वर उजवीकडे असतो, तिथे कोणाला उभं करायचं नाही. शालिनीला सांगून ठेवलं.

यतीनचा फोन. भावोजी, मी पण दोन-चार काढू का, बॅकअप? स्पष्ट सांगितलं की मोबाइल खिशात ठेव. एका म्यानात दोन फोटोग्राफर नकोत.

९ नोव्हेंबर, सकाळी ७

तयार. बॅटरी फुल. नवा कुडता. आजचा एक फोटो, बस.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गुरुजींनी घोळ घातला.

चार्ट स्टेजच्या समोरच्या भिंतीवर लावला होता, कारण तिथेच जागा होती. त्यामुळे कॅलिब्रेशन करताना स्टेजकडे पाठ होणं साहजिक आहे. मी गुरुजींना सांगितलं होतं की माझी खूण झाल्याशिवाय अंगठ्या नाहीत. ते मान हलवत होते, पण ते मंत्र म्हणतानाही तशीच हलवतात.

टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं जेवण लागलं.

वळलो. अंगठ्या घालून झालेल्या.

लगेच परिस्थिती हातात घेतली. निहारला म्हटलं, बेटा, दोघंही काढा आणि पुन्हा घाला, दोन मिनिटांचं काम आहे. निहारची आई, लताताई, म्हणाल्या की अहो, लेकीच्या बोटात घातलेली अंगठी भरल्या मांडवात काढायला सांगता? मी समजावलं की रेकॉर्डवर आल्याशिवाय घातली असं म्हणता येत नाही. आमच्याकडे फायलीत नाही ते झालेलंच नसतं.

शालिनीने कोपराला धरून मला पंगतीकडे नेलं. श्रीखंड छान होतं म्हणे. मी घेतलं नाही.

१० नोव्हेंबर

कार्ड बघितलं. चार्टचे फोटो अप्रतिम, एकेक रेघ मोजून घ्यावी. माणसांचे सगळे धूसर. लताताईंच्या नाकावर डाग. ऐन वेळी त्या उजवीकडे सरकल्या, त्याला माझा इलाज नाही.

शालिनीने कॅमेरा मागितला. लेन्स काढली, तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. लाल.

नवमीचं, एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

कुंकू शुद्ध नसणार. आजकाल सगळ्यात भेसळ.

१६ नोव्हेंबर, रविवार

यतीनने सांगूनही मोबाइल खिशात ठेवला नव्हता. फॅमिली ग्रुपवर आज फोटो टाकलाय. अंगठी बोटात जातानाचा. बरोबर तोच.

आधी तांत्रिक तपासणी केली. मोठा करून चारही कोपरे बघितले. वर उजवीकडे काही नाही. फोकस स्वच्छ. फोटो हॉलच्या बाजूने काढलाय, त्यामुळे कडेला मीही आहे, पाठमोरा, कमरेत वाकून भिंतीवरच्या चार्टकडे बघतोय. कुडत्याच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. क्षितिज थोडं तिरकं आहे, तसं ग्रुपवर लिहायला घेतलं.

मग बाकीची माणसं बघितली. शालिनी, लताताई, गुरुजी, निहार, सगळे अंगठीकडे बघतायत. स्वरूपा अंगठीकडे बघत नाहीये. तिच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ती माझ्या पाठीकडे बघतेय.

लिहिलेलं खोडलं.

साडी गुलाबी होती.

शालिनीला विचारलं की रडली कधी. ती म्हणाली, तेव्हाच. सगळ्यांनी बघितलं.

दुपारी स्वरूपा आली. लग्नासाठी तिने तो ऑफिसवालीचा फोटोग्राफर बुक केलाय. मला पुढच्या रांगेत पहिली खुर्ची. म्हणाली, बाबा, हातात काही आणायचं नाही, नुसतं बसायचं आणि बघायचं, प्रॉमिस? मी प्रॉमिस केलं. मग म्हटलं, साडी छान दिसत होती. ती म्हणाली, कुठली? मी म्हटलं, गुलाबी. तिने फोनवरचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली.

कॅमेरा कपाटात ठेवला. स्टिकरवर पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहायची जागा रिकामी आहे.

बाल्कनीत खुर्ची टाकून थोडा वेळ नुसता बसून बघितलं. जमत नाही. हात सारखे काहीतरी पुसायला जातात.