न कळलेल्याच्या चिठ्ठ्या

आबा,

आज दुपारी जेवून पडले, जरा डोळा लागला आणि बीडच्या आपल्या कलाशाळेत जाऊन आले. पुढच्या सोप्यात तुमची गाण्याची नि चित्रांची शिकवणी, मागच्या खोलीत ग्रंथालय. खिडकी एकच, तीही उंचावर. तिच्यातून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि दिवसभर कपाटावरून सरकत राहायचा. कसर लागू नये म्हणून पुस्तकांत तुम्ही कडुनिंबाचा वाळला पाला घालायचात, त्याचा तो कडवट वास. मराठी पुस्तकं, उर्दू पुस्तकं, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं, गाण्यांच्या वह्या, आणि घरी न्यायला मिळणारा एक तबला, जो चौसाळ्याला गेला की महिना महिना परत येत नाही. स्वप्नात मी तेरा वर्षांचीच असते आणि तुम्ही पाठमोरे असता.

कुणी काय नेलं याची नोंदवही तुम्ही कधी ठेवलीच नाही. कुणी टोकलं तर म्हणायचात, "नोंदवही कावून ठिवू? मी काय चौकीदार हाय?" तुमचा नियम एकच. पुस्तक परत करताना त्यातलं जे कळलं नाही ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तुम्ही लिहून घ्यायचात. बाजारच्या दिवशी चटईवर बसून चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, खाली उत्तर लिहायचं आणि चिठ्ठी पुन्हा पुस्तकात, पुढच्या माणसासाठी. तलवाड्याच्या एका कुंभाराची चिठ्ठी मला अजून पाठ आहे: 'चित्रात घोड्याला सावली हाय, वर बसलेल्या मानसाला कावून न्हाई?' तुम्ही बराच वेळ चित्र न्याहाळलंत आणि लिहिलंत, 'मलाही कळले नाही. पुढच्याने सांगावे.' पुढच्या बाजारी एका शिंप्यानं त्याखाली लिहिलं, 'चितारी दमला आसंल.' किती हसलात तुम्ही! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

घरी मात्र तुमच्या तोंडाला कुलूप. आई भाकरी थापता थापता काही विचारायची आणि तुमचा हात पुस्तकाकडे जायचा. त्या दिवशी तिनं विचारलं, "माजलगावला माहेरी कवा सोडता मला? दोन वरसं झाली." तुम्ही पान उलटलंत. तव्यावरची भाकरी तेवढी करपली. मला असा संताप आला, की तशीच ग्रंथालयात गेले आणि चिठ्ठी लिहिली: 'आबा समद्या जगाला उत्तर देतात, आईला कावून देत न्हाईत?' खाली नाव नव्हतं, पण माझं वेडंवाकडं अक्षर शिकवणीतल्या कुणीही ओळखलं असतं. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पडला होता, त्यातल्या एकात ती न बघताच खुपसली. संध्याकाळी तुम्ही तो ढीग न चाळताच कपाटात लावून टाकलात, कारण दुसऱ्या दिवशी हैदराबादहून तालीम खात्याचे, म्हणजे शाळाखात्याचे, साहेब येणार होते. ग्रंथालयाला इजाजत द्यायची की खोली बंद करायची, ते त्यांच्या हातात होतं. "साहेबाला एकेक चिठ्ठी वाचून दाखवतो," तुम्ही जेवताना म्हणालात. "लोक वाचतेत याचा दुसरा पुरावा काय हाय आपल्यापाशी?" मी ताट सारून उठले.

सकाळी तुम्ही बिंदुसरेवर आंघोळीला गेलात आणि मी कपाट उघडलं. आपली चिठ्ठी शोधू लागले, पण शेकड्यांनी होत्या त्या, आणि तुम्ही केव्हाही परतला असतात. शेवटी सगळ्याच झटकून ओच्यात भरल्या आणि चुलीपाशी नेऊन ओतल्या.

"काय गं ह्ये?" आईनं विचारलं.

"रद्दी हाय. साहेब येनार म्हनून झाडलं."

आईला अक्षरओळख नव्हती. साहेबांसाठी शिरा करायचा होता, जाळ कमी पडत होता. तिनं मुठीमुठीनं चिठ्ठ्या चुलीत सारल्या. तिच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी तिच्याच हातानं जळली, आणि मी शेजारी बसून बघत होते.

साहेब मवाळ माणूस होते. चारदोन पुस्तकं उघडून म्हणाले, "किताबां तो एकदम साफ हैं, मास्टर. पढ़ता कौन है?" तुम्ही एकामागून एक पुस्तक उलटं धरून झटकत होतात. कडुनिंबाचा पाला गळत होता, दुसरं काही नाही. मी दारातूनच म्हटलं, "मीच साफ केलं, आबा. कचरा वाटला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं. साहेबांना तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरीनं चांगल्या मनानं केलं." महिन्याभरात खोली बंद करण्याचा हुकूम आला. तलवाड्याचा कुंभार चित्राचा पुठ्ठा मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिला. "आता ह्ये कुनाला देऊ, मास्तर?" तुम्ही म्हणालात, "ठिवा तुमच्यापाशीच." त्यानंतर तुम्ही कुंचला हातात धरला नाही. तुम्ही आतून खंगत चालला होतात, ते मला दिसत होतं.

एवढं सांगायला उभा जन्म गेला. पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. खोली गेल्यावर दुपारचं बसायला तुम्हाला जागा उरली नाही, म्हणून तुम्ही चुलीपाशी येऊन बसू लागलात. मग एका दुपारी आईनं भाकरी परतता परतता विचारलं, "त्या कुंभाराच्या घोड्याचं काय ओ?" आणि तुम्ही सांगितलंत. सगळं सांगितलंत, शिंप्याच्या उत्तरासकट. आई तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं दुसरं काही विचारलं, मग तिसरं. तिच्या हातावरचं पीठ वाळून गेलं. दिवाळीला तुम्ही स्वतः बैलगाडी जुंपून तिला माजलगावला घेऊन गेलात.

हे पत्र मी कुणाच्या हाती देणार नाही. गावात कुणी ग्रंथालयाचा विषय काढला की मी अजून सगळ्यांबरोबर हळहळते. पण आबा, त्या दिवसांत मी रोज देवापुढे हात जोडायची, की त्या खोलीचं कुलूप कधी उघडू नये.